ल्युपसमध्ये डोकं धूसर होतं तेव्हा रोजचं कसं निभवायचं

कुकर लावला की मला तीन शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत. पहिली झाली हे आठवायचं, मग दुसरी झाली का, की आत्ता वाजली तीच दुसरी, हे कळायचंच नाही, मग कधी डाळ कच्ची तर कधी तळाला लागलेली. तेव्हा ल्युपसला, म्हणजे इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराला, चार वर्षं झाली होती, सांधे ठीक होते, रिपोर्ट ठीक होते, येणारा जाणारा म्हणायचा आता किती छान दिसतेस, आणि मी मात्र आतून पार घाबरलेले. माझी आजी शेवटी शेवटी घरातल्यांना ओळखत नव्हती, मला वाटायचं माझंपण तेच सुरू झालंय, छत्तिसाव्या वर्षी. आता मी काय करते तर ओट्यावर तीन शेंगदाणे ठेवते, शिट्टी झाली की एक उचलून तोंडात टाकते, ओटा रिकामा झाला की गॅस बंद. मोजणी डोक्यात ठेवायचीच नाही, ओट्यावर ठेवायची.

खाली जे लिहिलंय ते सगळं या शेंगदाण्यांसारखंच आहे. मी डॉक्टर नाही, गेली अकरा वर्षं ल्युपसची पेशंट आहे. जे माझ्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडून (सांध्यांचे आणि ल्युपससारख्या आजारांचे डॉक्टर) आणि माझ्यासारख्या बाकीच्यांकडून शिकले ते सांगते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपल्याला वाटतं आपण विसरतोय. पण बरेचदा विसरायला ती गोष्ट मुळात आत गेलेलीच नसते. ल्युपसमध्ये जास्त मार बसतो तो लक्ष धरून ठेवण्यावर, विचारांच्या स्पीडवर, आणि एकाच वेळी दोनतीन गोष्टी डोक्यात खेळवण्यावर. नवरा दारातून ओरडून सांगतो की येताना बँकेतून चेकबुक आण, तेव्हा तुम्ही फोडणीत मोहरी तडतडायची वाट बघत असता, कानावर पडतं पण नोंदच होत नाही. संध्याकाळी तो विचारतो तेव्हा डोकं कोरं. म्हणून उपाय आठवण्याच्या बाजूने नाही, नोंदीच्या बाजूने करायचा. बदाम खाऊन, आठवून आठवून, स्वतःला रागावून मला तरी काही फायदा झाला नाही.

आणि हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने १९९९ साली ल्युपसमुळे मेंदू आणि नसांना होणाऱ्या १९ प्रकारच्या त्रासांची यादी केली, त्यात विचार-आठवणीचा त्रास वेगळा नोंदवलेला आहे. किती जणींना होतो याचे आकडे अभ्यासाप्रमाणे खूप बदलतात, कुठे पाचातल्या एकीला तर कुठे पाचातल्या चौघींना, कारण मोजायची पद्धत प्रत्येकाची निराळी. पण मला सगळ्यात धीर आला तो या गोष्टीने की बहुतेकींमध्ये हा त्रास कमीजास्त होत राहतो, अल्झायमरसारखा पायरी पायरीने खालीच जात नाही. वाईट आठवडा येतो आणि जातोही.

आता पहिलं काम. एक साधी दोनशे पानी वही घ्या, मोबाईलचं अ‍ॅप नको, कारण मोबाईल उघडला की आपण तिसरंच काहीतरी बघत बसतो. तीन आठवडे रोज रात्री चार ओळी. आज कुठे अडले, किती वाजता, काल झोप किती झाली, दुखणं दहापैकी किती. स्टिरॉइडचा डोस बदलला असेल तर तो, पाळी असेल तर ती, उन्हात गेलात तर तेही. एवढंच. माझ्या वहीत तिसऱ्या आठवड्यात दिसलं की जवळजवळ सगळे घोळ दुपारी तीन ते सहामध्ये होते आणि त्यातले बरेचसे अशा दिवशी की आदल्या रात्री पाच तासांच्या आत झोप. हे मला वही नसती तर आयुष्यात कळलं नसतं, कारण मला वाटायचं दिवसभरच असं होतं.

ही वही डॉक्टरकडे न्यायची, पण पूर्ण नाही. ओपीडीत आपल्याला मोजून काही मिनिटं मिळतात आणि आपण खुर्चीत बसलो की अर्धं सगळं उडून जातं. पहिल्यांदा मी नुसतं म्हणाले की डॉक्टर हल्ली विसरायला होतं, तर उत्तर मिळालं वयानुसार, टेन्शननुसार होतं थोडं. चूक माझ्या सांगण्यातही होती. पुढच्या वेळी एका कागदावर तीन ओळी लिहून नेल्या. एक, गेल्या महिन्यात दोनदा रोजच्या रस्त्यावर कुठे वळायचं ते कळलं नाही. दोन, मुलीच्या शाळेची फी दोनदा भरली. तीन, बोलताना अगदी साधे शब्द सापडत नाहीत, किसणीला ते खरखरीत म्हणावं लागतं. कागद बघून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग खरी तपासणी सुरू झाली. तुम्हीपण असंच करा, प्रसंग सांगा, तक्रार नाही. सोबत घरातलं कोणीतरी न्या, कारण ते जे बघतात ते आपल्याला दिसत नाही, आणि डॉक्टर काय बोलले तेही दोन कानांऐवजी चार कानांनी ऐकलेलं बरं. परवानगी विचारून फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, विचारून मात्र करा.

काय काय तपासायला हवं ते विचारा, कारण सगळाच दोष ल्युपसचा नसतो आणि काही कारणं तर अगदी सहज सुधारणारी असतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह. आपल्याकडे शाकाहारी घरात बी ट्वेल्व्ह कमी निघणं फार कॉमन आहे आणि त्याने डोकं जड राहतंच. किडनीचे रिपोर्ट, बीपी, शुगर. झोपेत घोरत असाल आणि स्टिरॉइडने वजन वाढलं असेल तर झोपेत श्वास अडकतो का हेपण बघायला सांगा. डिप्रेशन असेल तर तेही लपवू नका, डिप्रेशनमध्ये लक्ष लागत नाहीच आणि औषधाने, समुपदेशनाने त्यात फरक पडतो. रात्रीबेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे.

एक तपासणी मात्र मी ठासून सांगेन, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजची. काही ल्युपसवाल्यांच्या रक्तात या असतात आणि त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होतात, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांतसुद्धा. लंडनच्या डॉक्टर ग्रॅहम ह्यूजेस आणि त्यांच्या टीमने १९८३ मध्ये हा प्रकार नीट मांडला म्हणून त्याला ह्यूजेस सिंड्रोमपण म्हणतात. तीन टेस्ट असतात आणि पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी परत करतात, कारण साध्या इन्फेक्शननंतरही थोडे दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमची कधीच झाली नसेल, किंवा तुमचे गर्भपात झाले असतील, पायात गुठळी झाली असेल तर हा विषय तुम्हीच काढा. यावर उपचार आहे, रक्त पातळ ठेवायचा, म्हणून वेळेत कळणं महत्त्वाचं.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून खचू नका. माझा नॉर्मल होता आणि मी रिक्षात बसून रडले होते, म्हणजे आता कोणी विश्वासच ठेवणार नाही. नंतर कळलं की ल्युपसमधल्या या त्रासात एमआरआय बऱ्याचदा नॉर्मलच येतो. तो करतात ते मुख्यतः गुठळी, सूज, जुना छोटा झटका असं काही नाही ना हे बघायला. विचार-आठवणीसाठी वेगळी चाचणी असते, मोका नावाची, दहा मिनिटांची, ३० मार्कांची, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात सात वजा करत जा अशी. मराठीतूनही होते, मराठीतच मागा, परक्या भाषेत उगाच मार्क जातात. पण शिकलेल्या बायका त्यात पास होतात आणि तरी घरी अडखळतात, तेव्हा सविस्तर चाचणीसाठी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे विचार-आठवण तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवायला सांगता येतं. तिथे तासाच्या वर लागतो, सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून जा.

औषधांचं आता जरा विस्ताराने सांगते, कारण इथे विसरणं जिवावर येऊ शकतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणी मेथोट्रेक्सेट घेतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, माणूस दगावूही शकतो. आता विचार करा, डोकं धूसर असताना, सहा औषधांच्या पट्ट्या एकाच डब्यात कोंबलेल्या, त्यात ही. आमच्याकडे तिची पट्टी बाकीच्यांबरोबर ठेवतच नाही. ती कपाटात वरच्या खणात, वेगळ्या डबीत, डबीवर लाल स्केचपेनने फक्त रविवार, आणि ती माझी मुलगी काढून देते, मी स्वतः काढत नाही. घेतली की कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात फुली. आई दुधाचा हिशोब त्याच चौकोनात लिहायची, मी गोळी लिहिते. फुली नसेल आणि आठवत नसेल की घेतली का, तर घ्यायची नाही, डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला फोन. अंदाजाने दुसरी कधीही नाही.

बाकीच्यांसाठी आठवड्याचे खण असलेला प्लास्टिकचा डबा मेडिकलमध्ये मिळतो, सात वारांचा, सकाळ-रात्र वेगळे. रविवारी सकाळी, डोकं ताजं असताना, चष्मा लावून, टीव्ही बंद करून भरायचा. भरताना कोणाशी बोलायचं नाही. मग आठवडाभर आठवायची गरजच नाही, खण रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली. डबा दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवा, देवघराशेजारी ठेवा, जिथे तुम्ही रोज न चुकता जाताच तिथे. अलार्म लावा पण अलार्म वाजल्यावर लगेच उठा, पाच मिनिटांनी म्हणून बंद केला की गेलीच ती गोळी.

स्टिरॉइड रोज एकदाच असेल तर शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर, रात्री घेतलं तर झोप उडते आणि झोप उडाली की दुसऱ्या दिवशी धुकं. मोठ्या डोसवर चिडचिड, डोक्यात विचारांची गर्दी हेपण होतं, ते डॉक्टरला सांगा, पण स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, शरीराला त्याची सवय झालेली असते आणि एकदम थांबवणं धोक्याचं असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आपण एचसीक्यू म्हणतो ती, ती तर मन लावून घ्याच, ल्युपस शांत ठेवणारी तीच मुख्य गोळी आहे आणि ल्युपस शांत तर डोकंही बऱ्यापैकी शांत. वर्षातून डोळे तपासून घ्या एवढंच. सर्दीच्या काही गोळ्या, दुखण्यासाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगॅबॅलिन यांनीसुद्धा गुंगी आणि विसराळूपणा येतो. त्रास कधीपासून वाढला आणि नवीन गोळी कधी सुरू झाली हे वहीत जुळतंय का बघा आणि दाखवा.

स्मरणशक्तीची गोळी मिळते का असं सगळ्याच विचारतात. अल्झायमरमध्ये देतात ती मेमँटिन ल्युपसच्या पेशंटवर ट्राय करून झाली, साध्या खोट्या गोळीपेक्षा विशेष फरक दिसला नाही. आणि गुळवेल, अश्वगंधा, इम्युनिटी वाढवणारे काढे, शेजारच्या काकू कितीही प्रेमाने देवोत, विचारल्याशिवाय घेऊ नका. आपली इम्युनिटी आधीच नको तिथे जास्त काम करतेय. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटबद्दल लिहिलं होतं, त्यात ऑटोइम्यून, म्हणजे इम्युनिटी स्वतःवरच उलटलेल्या, धाटणीचे पेशंट होते. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, पण आपण ल्युपसवाल्यांनी धोका का घ्यायचा.

घरातलं. किल्ल्या, चष्मा, मोबाईल, पर्स यांची एकच जागा, दाराशेजारी एक टोपली, आणि ती सगळ्या घराला माहीत. गॅस चालू असताना स्वयंपाकघर सोडायचं नाही, सोडावंच लागलं, बेल वाजली, फोन आला, तर हातात उलथनं घेऊनच बाहेर जायचं. दारात कुरिअरवाल्यासमोर उलथनं घेऊन उभं राहायला पहिल्यांदा कसंतरी वाटतं पण हातातलं उलथनं बघितलं की कढई आठवते, माझी दोन वर्षांत एकदाही भाजी करपली नाही. बाहेर पडताना मोठ्याने बोलायचं, वारासकट. मंगळवार, गॅस बंद. मंगळवार, गीझर बंद. वार बोलल्यामुळे रस्त्यात शंका आली की आठवतं ते आजचं की कालचं, नुसतं बंद केला म्हटलं तर सगळे दिवस एकमेकांत मिसळतात.

घरच्यांना एक नियम सांगून टाका, मला काही सांगायचं असेल तर आधी नाव घ्या, मी तोंड वर करून बघेपर्यंत थांबा, मग एकच गोष्ट सांगा, आणि मी ती परत बोलून दाखवेन. आमच्याकडे सुरुवातीला सासूबाईंना हे नाटक वाटलं. मग एकदा त्यांनी सांगितलेला निरोप मी तसाच्या तसा परत बोलून दाखवला आणि संध्याकाळी तो पोचवलासुद्धा, तेव्हापासून त्या स्वतःच म्हणतात, बोल बरं परत. अगं आम्हीपण विसरतो, हे वाक्य मात्र घरच्यांना बंद करायला सांगा. ते धीर द्यायला म्हणतात हे कळतं, पण त्याने आपण बोलायचंच थांबवतो आणि मग सगळं एकटीने झाकत बसतो, त्यातच निम्मी शक्ती जाते.

पैशाचे व्यवहार तुमच्या चांगल्या वेळेत, माझी सकाळी नऊ ते अकरा. यूपीआय करताना रक्कम मोठ्याने वाचायची, शून्य मोजायची, मग पिन. संध्याकाळी थकल्यावर कोणाचा घाईचा फोन आला, बँकेतून बोलतोय, ओटीपी द्या, तर ठेवून द्यायचा, घाई हाच आपला कच्चा दुवा आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. धुकं जास्त असेल त्या दिवशी स्कूटर काढू नका. रिक्षाचे पैसे जाऊ देत.

नोकरी करणाऱ्यांनी सगळं लेखी मागायची सवय लावा. तोंडी सांगितलं की दोन ओळींचा मेल टाकायचा, आत्ता बोललो त्याप्रमाणे हे हे गुरुवारपर्यंत करते, बरोबर ना. कोणाला कारण सांगायची गरज नाही, उलट लोक म्हणतात व्यवस्थित आहे. एका वेळी एकच विंडो उघडी, व्हॉट्सअ‍ॅप म्यूट, अवघड काम चांगल्या वेळेत आणि फाइलिंगसारखं दुपारी. साहेबांना आजार सांगायचा की नाही हे तुमच्या ऑफिसवर आहे, मी सांगितलं आणि मला मीटिंग सकाळच्या मिळाल्या, पण माझ्या ओळखीतल्या एकीला सांगितल्यावर प्रमोशनमधून बाजूला काढलं, म्हणून सरसकट सल्ला देत नाही. बोलताना शब्द अडला की गप्प राहून घामाघूम होऊ नका, वर्णन करा किंवा सरळ म्हणा शब्द येत नाहीये, एक मिनिट. समोरचा थांबतो.

चालणं मात्र रोजचं ठेवा, वीस मिनिटं का होईना, ऊन टाळून, सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर. झोपायची वेळ ठरलेली. मोबाईलवरचे मेंदूचे गेम खेळलात तर त्या गेममध्ये स्कोअर वाढतो, पण चेकबुक आठवेल याची खात्री नाही, त्यापेक्षा एखादं नवीन काहीतरी शिका, विणकाम, पेटी, काहीही. तंबाखू, मिश्री असेल तर सोडा, रक्तवाहिन्यांवर आपल्याला आधीच संकट आहे.

आणि हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, घरच्यांसाठी, कारण त्या वेळी तुम्ही सांगण्याच्या अवस्थेत नसाल. अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडं बोलणं. फिट येणं. तापाबरोबर जोराची डोकेदुखी आणि मान आखडणं. एकदम भलतंसलतं बोलायला लागणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, कुठे आहोत ते न कळणं, एकदोन दिवसांत माणूसच बदलल्यासारखा वागणं. हे धुकं नाही, यात वाट बघायची नाही, लिंबू उतरवत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, आणि तिथे पहिलं वाक्य, हिला ल्युपस आहे. खाली सगळ्या औषधांची नावं, डोस, ब्लडग्रुप आणि तुमच्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टचा नंबर. डोस बदलला की त्याच दिवशी कागद बदला, जुना फाडून टाका. आमच्या फ्रिजवरचा आत्ताचा कागद मुलीने लिहिलाय, तिच्या शाळेच्या अक्षरात, मेथोट्रेक्सेटपुढे तीनदा अधोरेखित करून फक्त रविवार.